आप्पांच्या रिपोर्टमधला ‘वाय’ आणि शेजारच्या खाटेवरचा ‘सात’

पत्र, तासगाव तालुका (जि. सांगली): माझे वडील, आप्पा, वय ५२. दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून त्यांना दम लागायचा, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मिरजेला दाखवलं. कमरेच्या हाडातून मगज काढला आणि ‘एएमएल’ म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला. मगज काढल्यावर आठवडाभर थांबून केमो सुरू केली, आज तिसरा दिवस. इतके दिवस का घालवले म्हणून मामा चिडलेत. काल क्रोमोझोमचा रिपोर्ट आला: ४५,एक्स,–वाय,टी(८;२१)(क्यू२२;क्यू२२)[१६]/४६,एक्सवाय[४]. डॉक्टर म्हणाले, ‘त्यातल्या त्यात चांगला प्रकार आहे.’ एक क्रोमोझोम गेलाय, दोन तुटलेत, मग चांगला कसा? शेजारच्या खाटेवर कराडकडचे एक काका आहेत, त्यांनाही एएमएलच. त्यांचा फक्त एक, ७ नंबरचा गेलाय. त्यांना ट्रान्सप्लांट सांगितलंय, आम्हाला नाही. आमची ऐपत बघून तर नाही ना? रिपोर्ट मुंबईत पुन्हा करावा का? बागेतल्या फवारण्यांनी हे झालं का? माझं लग्न ठरत आलंय. मामा म्हणतात, पोरीच्या रक्तात दोष असेल तर आधीच बघून घ्या. आणि आप्पा रोज एकच विचारतात, एप्रिल छाटणीला मी बागेत असेन का?

उत्तर:

ताई, बाकीचं सावकाश वाचा. आधी आजच्या आज एक काम करा. ज्या लॅबने आप्पांचा मगज तपासला, तिथे डॉक्टरांमार्फत विचारा की पहिल्या दिवशीच्या नमुन्यातला आरएनए (पेशीतली जनुकांची नक्कल) किंवा त्यापासून बनवलेला सीडीएनए शिल्लक आहे का. असेल तर त्यावर ८ आणि २१ नंबरच्या क्रोमोझोमचे तुकडे चिकटून झालेल्या जोडजनुकाची ‘क्वांटिटेटिव्ह’ पीसीआर, म्हणजे त्याच्या प्रती मोजणारी तपासणी करून घ्या. त्या जनुकाचं नाव आरयूएनएक्स१–आरयूएनएक्स१टी१. जुन्या रिपोर्टांत त्यालाच एएमएल१–ईटीओ म्हणतात. पुढची दोन वर्षं आप्पांचा आजार याच आकड्यावर मोजला जाणार आहे आणि सुरुवातीचा आकडा नसला तर किती उतरला हे सांगता येत नाही. क्रोमोझोमसाठी जपून ठेवलेल्या पेशी मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये असतात. त्यांच्यावर फिश, म्हणजे रंगीत ठिपक्यांची तपासणी होते, डीएनए निघतो, पण आरएनए खराब झालेला असतो. म्हणून ‘नमुना आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, ‘आरएनए आहे का’ असं विचारा. नसेलच तर जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत आज रक्त काढून पाठवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. केमोचा तिसरा दिवस आहे, रक्तात त्या पेशी अजून असतील. आकडा थोडा उतरलेला येईल, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

आता रिपोर्ट. मूळ कागदावर तो इंग्रजी अक्षरांत असतो, पण वाचायची रीत तीच. सुरुवातीचा ४५ म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांची, म्हणजे क्रोमोझोमची, संख्या. निरोगी माणसात ती ४६ असते. ‘एक्स,–वाय’ म्हणजे एक्स आहे, वाय नाही. ‘टी’ म्हणजे ट्रान्सलोकेशन, तुकड्यांची अदलाबदल. ८ नंबरच्या आणि २१ नंबरच्या गुणसूत्राचं एकेक टोक तुटून एकमेकांना चिकटलं आहे. पुढचा कंस तुटल्याची जागा सांगतो: ‘क्यू’ म्हणजे गुणसूत्राची लांब बाजू, २२ हा त्यावरचा पट्टा. बांधावर गट नंबर असतो तसंच हे समजा. शेवटी चौकोनी कंसातला आकडा असतो. लोक त्याच्याकडे बघत नाहीत, आणि तुमच्या लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे. वीस पेशी पाहिल्या, त्यांतल्या १६ मध्ये बिघाड होता आणि ४ अगदी नीट, ४६,एक्सवाय होत्या. बिघाड जन्मापासूनचा असता तर विसाच्या वीस पेशींत दिसला असता. आप्पांच्या हाडातल्या एका पेशीत तो पुढे कधीतरी घडला आणि तिचीच पिल्लावळ वाढत गेली. तो त्यांच्या बीजातून तुमच्यात आलेला नाही. त्यासाठी तुमची कुठलीही तपासणी करायची गरज नाही. लग्नाआधी रक्त तपासायचंच असेल तर थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी करा, ती सगळ्यांनीच करावी. त्याचा आप्पांच्या आजाराशी संबंध नाही. काही मोजक्या घराण्यांत रक्ताचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, पण तिथे दोन-तीन जवळचे नातेवाईक आजारी असतात, कमी प्लेटलेटचा जुना इतिहास असतो. तुमच्या पत्रात तसं काही नाही. मामांना हा चौकोनी कंस दाखवा.

वाय गेला म्हणजे ‘पुरुषपण गेलं’ ही कुजबुज तुमच्याकडे अजून नसली तरी वॉर्डात कोणीतरी करेलच. तो फक्त कॅन्सरच्या पेशींतून गेला आहे. ८–२१ ची अदलाबदल असलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांच्या रिपोर्टमध्ये वाय नसतो, आणि त्यामुळे आजार वाईट गटात जात नाही. आजार आटोक्यात आला की पुढच्या रिपोर्टमध्ये वाय परत दिसतो, कारण त्या वेळी मोजलेल्या पेशी निरोगी असतात. त्यामुळे ‘एक गेला आणि दोन तुटले, म्हणजे तीन बिघाड’ असा हिशेब करू नका.

या वीस पेशी मोजणं किती नाजूक काम आहे ते कळलं की पुढच्या वेळी तुम्ही स्वतः लक्ष ठेवाल. गुणसूत्रं एरवी पेशीत सुताच्या गुंत्यासारखी असतात. पेशी दुभंगायच्या बेतात असतानाच ती आखूड, जाड होऊन वेगवेगळी दिसतात. म्हणून लॅबमध्ये पेशी जिवंत पोहोचाव्या लागतात. तिथे त्यांना २४ ते ४८ तास पोषक द्रवात वाढवतात, कोल्सेमिड नावाच्या औषधाने ऐन विभाजनाच्या क्षणी रोखतात, पातळ क्षाराच्या पाण्यात फुगवतात, मग काचेवर पसरून रंगवतात आणि पट्टे बघून जोड्या लावतात. घोळ बहुतेक वेळा लॅबच्या बाहेर होतो. नमुना हिरव्या टोपणाच्या, सोडियम हेपॅरिनच्या नळीत घ्यायचा असतो, तो चुकून दुसऱ्या नळीत जातो. नळी हलक्या हाताने उलटसुलट केली नाही तर गुठळी होते. पहिल्या ओढीचा घट्ट मगज स्लाइडला जातो आणि या नळीत चौथ्या-पाचव्या ओढीचं पातळ रक्त येतं. शनिवारी संध्याकाळी काढलेला नमुना कुरिअरच्या ऑफिसात रविवारभर पडून राहतो. एप्रिल-मेमध्ये गाडीत ठेवून तो शिजतो, नाहीतर बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठतो. साध्या खोलीच्या तापमानाला, शक्यतो २४ तासांत पोहोचला पाहिजे. मग रिपोर्ट येतो, ‘मेटाफेज मिळाले नाहीत’, म्हणजे दुभंगणाऱ्या पेशी मिळाल्या नाहीत, आणि घरचे समजतात की सगळं नॉर्मल आहे. तपासणी फसणं आणि तपासणी नॉर्मल येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा वेळी फिश मदतीला येते. तिला दुभंगणाऱ्या पेशी लागत नाहीत, साधारण दोनशे पेशींत रंगीत ठिपके मोजतात आणि दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. पण फिशला जे विचाराल तेवढंच ती सांगते. कॅरिओटाइप, म्हणजे आप्पांची झाली ती सगळ्या गुणसूत्रांची तपासणी, हे सगळं शिवार फिरून बघणं, फिश म्हणजे एकाच विहिरीत डोकावणं. आप्पांच्या वीस पेशी मिळाल्या, म्हणजे ज्याने नमुना काढला त्याने काम नीट केलं आहे.

एक आठवडा का घालवला, याचं उत्तरही इथेच आहे. पेशंट स्थिर असेल, पांढऱ्या पेशी फार चढलेल्या नसतील, तर रिपोर्ट बघून उपचार ठरवण्यासाठी काही दिवस थांबल्याने नुकसान होत नाही. जर्मनीतल्या दोन हजारांहून जास्त पेशंटांच्या नोंदींवरून हे २०२० मध्ये नीट दाखवलं गेलं. याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १५ आणि १७ ची अदलाबदल असेल तर तो एपीएल नावाचा प्रकार असतो. त्यात पहिल्याच दिवसांत मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो, म्हणून नुसता संशय आला तरी रिपोर्टची वाट न पाहता एट्रा नावाच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू करतात. गंमत अशी की एके काळी सर्वांत घातक असलेला हाच प्रकार आज सर्वांत बरा होणारा आहे. २०१३ च्या इटली-जर्मनीतल्या चाचणीत कमी-मध्यम धोक्याच्या पेशंटना एट्रा आणि आर्सेनिक एवढंच दिलं, नेहमीची केमो नाही. दोन वर्षांनंतर ९७ टक्के पेशंट हयात होते आणि त्यांचा आजार उलटलेला नव्हता. गुणसूत्रातला बिघाड ओळखला आणि त्यावर नेमकं औषध सापडलं की भाकीत कसं फिरतं, याचं हे उदाहरण.

आता ‘चांगला कसा’ या प्रश्नाकडे. ८–२१ ची अदलाबदल शिकागोच्या जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये ओळखली. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरच्या जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसायच्या. या अदलाबदलीत दोन जनुकं एकमेकांना चिकटून एक नवंच प्रथिन तयार होतं. रक्तपेशीला वयात आणणारी जनुकं ते बंद करून ठेवतं. पेशी पोरसवदाच राहते आणि वाढत सुटते. पण तिची मरायची यंत्रणा बऱ्याच अंशी शाबूत असते आणि सायटाराबिन नावाच्या औषधापुढे ती नरम पडते. बिघाड आहे, पण औषधाला दाद देणारा आहे, एवढाच ‘चांगला’चा अर्थ.

कराडच्या काकांचं उलट आहे. ७ नंबरचं आख्खं गुणसूत्र गेलं की त्यावरची शेकडो जनुकं एका फटक्यात निम्मी होतात. यांत वाढीला लगाम घालणारी जनुकंही असतात. अशा पेशी केमोने तात्पुरत्या दबतात, पण पुन्हा डोकं वर काढतात. ५ नंबरचं गुणसूत्र जाणं किंवा त्याची लांब बाजू तुटणं, १७ ची आखूड बाजू जाणं, ३ नंबरमधली ठरावीक उलथापालथ, आणि एकमेकांशी संबंध नसलेले तीन किंवा जास्त बिघाड, ज्याला ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतात, हे सगळे त्याच अवघड गटात बसतात. १७ च्या आखूड बाजूवर टीपी५३ नावाचं जनुक असतं. केमोने पेशीचा डीएनए फाटला की ‘आता मर’ असा हुकूम तेच देतं. तेच नसेल तर केमोचे वार होतात, पण पेशी मरत नाही. अशा पेशंटमध्ये नुसता डोस वाढवून काही साधत नाही.

किती बिघाड आहेत यापेक्षा कोणता आहे हे महत्त्वाचं, ते यामुळे. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीतल्या १,६१२ पेशंटांचा, सगळे ५५ च्या आतले, हिशेब छापून आला. गुणसूत्रांवरून तीन गट केले तेव्हा पाच वर्षांनी हयात असलेले अनुकूल गटात ६५ टक्के, मधल्या गटात ४१ आणि प्रतिकूल गटात १४ टक्के होते. आजार एकच, सुरुवातीची औषधंही जवळपास तीच. हे आकडे नव्वदच्या दशकातल्या उपचारांचे आहेत, तिथल्या हॉस्पिटलांतले आहेत आणि गटाचे आहेत. ‘आप्पा ६५ टक्के बरे होणार’ असं त्यातून निघत नाही. शंभर आप्पांपैकी पासष्ट, एवढंच निघतं. आपले आप्पा त्यांत कुठे आहेत हे पुढच्या तपासण्यांवरूनच कळायला लागेल.

ज्यांच्या रिपोर्टमध्ये सगळं ४६ आणि नीट येतं, ते आपोआप सुटले असं नाही. ते बहुतेक मधल्या गटात असतात आणि त्यांचं खरं भविष्य एनपीएम१, एफएलटी३ यांसारख्या जनुकांच्या तपासणीवर ठरतं. आणि आजार एएमएल नसून एएलएल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार, असेल तर यादीच निराळी असते. तिथे मोठ्या माणसांत ९–२२ ची अदलाबदल, म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र, साधारण चौघांत एकाला सापडतं. इमॅटिनिब, डॅसॅटिनिबच्या गोळ्या येण्याआधी ते सापडलं की डॉक्टरांचा चेहरा पडायचा, आज तसं राहिलेलं नाही. ४ आणि ११ ची अदलाबदल किंवा गुणसूत्रं ३०–३९ पर्यंत घटणं मात्र तिथे अजूनही अवघडच.

तुमच्या मनात सलतोय तो प्रश्न म्हणजे ट्रान्सप्लांट ऐपत बघून टाळलं का. नाही, ताई. दुसऱ्याच्या मगजाचं ट्रान्सप्लांट हा वरचा, महागडा आणि म्हणून जास्त चांगला उपचार आहे असं समजू नका. त्या उपचारातच जीव जाण्याचा धोका आहे. दात्याच्या पेशी पेशंटच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर उलटू शकतात आणि काहींना ते वर्षानुवर्षं पुरतं. म्हणून जगभरातल्या तज्ज्ञांचा ढोबळ नियम असा आहे की ट्रान्सप्लांट न करता आजार उलटण्याची शक्यता ३५–४० टक्क्यांच्या वर असेल तरच पहिल्या रेमिशनमध्ये, म्हणजे आजार पहिल्यांदा आटोक्यात आल्यावर, तो जुगार खेळावा. २००९ मध्ये २४ चाचण्यांमधल्या ६,००७ पेशंटांचा एकत्र ताळा मांडला गेला. मधल्या आणि प्रतिकूल गटाला ट्रान्सप्लांटचा फायदा दिसला, अनुकूल गटाला दिसला नाही. काकांच्या बाबतीत ट्रान्सप्लांट न करणं जास्त धोक्याचं आहे, आप्पांच्या बाबतीत करणं. रिपोर्ट अदलाबदल झाले असते तर सल्लेही झाले असते. काकांच्या घरच्यांशी यावर तुलना मात्र करत बसू नका, त्यांच्या वाट्याला आधीच अवघड दान पडलं आहे.

पण ‘चांगला प्रकार’ ऐकून घरं ढिली पडतात, आणि आम्हाला खरी काळजी त्याची वाटते. अनुकूल गटातला माणूस अनुकूल राहतो तो सगळा उपचार पूर्ण केला तर. सध्या चाललंय त्याला ७+३ म्हणतात: सात दिवस सायटाराबिन, तीन दिवस डॉनोरुबिसिन. त्यानंतर तीन-चार आठवडे पांढऱ्या पेशी तळाला असतात. रक्तातले आकडे वर आले की, साधारण चौथ्या आठवड्यात, पुन्हा मगज तपासतील. त्यात कच्च्या पेशी, म्हणजे ब्लास्ट, ५ टक्क्यांच्या आत, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हजाराच्या वर आणि प्लेटलेट लाखाच्या वर असतील तर त्याला रेमिशन म्हणतात. इथेच काही कुटुंबं पेढे वाटून घरी जातात आणि पुढच्या तारखा चुकवतात. ढोबळ हिशेब बघा: निदानाच्या वेळी शरीरात लाख कोटी कॅन्सरपेशी असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली ‘रेमिशन’ दिसत असतानाही त्यातल्या शंभर कोटी शिल्लक असू शकतात. त्या संपवायला मोठ्या डोसच्या सायटाराबिनच्या आणखी तीन ते चार सायकल, म्हणजे फेऱ्या, लागतात. ८–२१ ला फायदा होतो तो या सायकलींचाच. एकेका सायकलमध्ये साधारणपणे दर बारा तासांनी एक असे तीन दिवसांत सहा डोस असतात.

या मोठ्या डोसात दोन गोष्टींवर घरच्यांनीही लक्ष ठेवावं. औषध अश्रूंतून डोळ्यांत उतरतं आणि डोळे लाल होऊन झोंबतात, म्हणून स्टेरॉइडचे थेंब पहिल्या डोसआधी सुरू करून शेवटच्या डोसनंतरही एक-दोन दिवस घालायचे असतात. डोळे बरे दिसतात म्हणून ते मध्येच बंद होतात. दुसरं, लहान मेंदूवर परिणाम. प्रत्येक डोसआधी आप्पांना वहीत सही करायला सांगा, तारीख-वेळ घालून. सही वाकडी व्हायला लागली, जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला, तर पुढचा डोस लावायच्या आधी नर्सला वही दाखवा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं असेल तर हा त्रास जास्त होतो, त्यामुळे तो आकडाही त्याच वहीत लिहा.

आणि आता तो पीसीआरचा आकडा. दोन सायकलींनंतर आणि उपचार संपताना तो पुन्हा बघायचा. सुरुवातीच्या हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याखाली उतरला, ज्याला ‘तीन लॉग’ म्हणतात, तर चांगली खूण. पुढे दोन वर्षं मगजातून दर तीन महिन्यांनी किंवा रक्तातून दर चार ते सहा आठवड्यांनी. हे सगळं एकाच लॅबमध्ये करा, कारण दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. या प्रकारात एक विचित्र गोष्ट होते: पूर्ण बऱ्या झालेल्या काही माणसांत जोडजनुकाच्या थोड्या प्रती वर्षानुवर्षं सापडत राहतात आणि आजार येत नाही. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दाने हातपाय गाळू नका. आकडा स्थिर आहे की चढतोय ते बघा. दहापट चढला आणि पुन्हा केलेल्या तपासणीतही तसाच आला, तर तो इशारा. किंवा पहिल्या काही सायकलींत उतरतच नसेल, तर तेव्हा मात्र आप्पांच्याही बाबतीत ट्रान्सप्लांटची चर्चा उघडेल, आणि ती उघडायलाच हवी. केआयटी या जनुकाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, ती जपलेल्या पेशींच्या डीएनएवर होते. त्यात बदल सापडला तर आजार उलटण्याची शक्यता काहीशी वाढते. गट बदलत नाही, पण पीसीआरवर नजर अधिक कडक ठेवतात.

मुंबईला रिपोर्ट पुन्हा करण्यात अर्थ नाही. केमो सुरू झाल्यावर काढलेल्या मगजात बिघाड दिसलाच नाही तर तो औषधाने दबला की आधी चुकीचा वाचला, काहीच कळणार नाही. दुसरं मत हवं असेल तर परळच्या टाटा हॉस्पिटलला जरूर घ्या, पण आप्पांना आत्ता महालक्ष्मी एक्सप्रेसच्या गर्दीत बसवून नेऊ नका. घरातल्या एकाने कागद घेऊन जावं. न्यायचं ते एवढं: मगजाच्या मूळ स्लाइड आणि ब्लॉक, फ्लो सायटोमेट्रीचा रिपोर्ट आलेखांसकट, क्रोमोझोमचा रिपोर्ट त्यावरच्या जोड्यांच्या फोटोसकट, फिश, पहिल्या दिवसापासूनचे सगळे सीबीसी आणि केमोचा डोस लिहिलेला कागद. स्लाइड लॅबकडून मागून घ्याव्या लागतात, त्या फाइलमध्ये नसतात. फोटोशिवाय आलेल्या रिपोर्टवर दुसरा तज्ज्ञ काही बोलू शकत नाही.

पैशांचं थोडक्यात: हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. केमो बसते, पण पीसीआर आणि जनुकांच्या तपासण्या त्यात धरल्या आहेत का ते आधी विचारा, नंतर नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज उपचार चालू असतानाच करा.

रक्त द्यायला गाव धावून येईल. येऊ द्या, पण आप्पांचे सख्खे भाऊ, बहिणी आणि तुम्ही मुलं यांनी त्यांना रक्त किंवा प्लेटलेट देऊ नका. उद्या गरज पडलीच तर दाते तुम्हीच आहात, आणि आधी दिलेल्या रक्तामुळे त्यांच्या शरीराने तुमच्या पेशींविरुद्ध हत्यारं तयार करून ठेवलेली नसावीत. बाकीच्यांतून त्यांच्या रक्तगटाच्या आठ-दहा जणांची यादी करा: वजन ५० किलोच्या वर, हाताची शीर ठसठशीत, प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसलेले. एकाच दिवशी सगळ्यांना बोलावू नका. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत.

मधल्या सुट्ट्यांत आप्पा घरी येतील तेव्हा थर्मामीटर उशाला हवा. १००.४ फॅरनहाइट दिसलं की पॅरासिटामॉल द्यायची नाही, सकाळची वाट बघायची नाही, मिरज गाठायची. न्यूट्रोफिल तळाला असताना पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं. रात्री दोन वाजता कोणाची गाडी येणार हे आजच ठरवून ठेवा. चांगल्या गुणसूत्रांची माणसंही पहिल्या दोन महिन्यांत गेली तर बहुतेक वेळा जंतुसंसर्गानेच जातात.

फवारणीने झालं का? बेंझिन, किरणोत्सर्ग आणि आधी घेतलेली केमो ही या आजाराची पक्की कारणं आहेत. कीटकनाशकांबद्दल संशय घेणारे अभ्यास आहेत, पण एका माणसाच्या आजाराबाबत एका डब्याकडे बोट दाखवता येत नाही. आप्पांनी स्वतःला दोष देणं थांबवावं. बागेत जे फवारणी करतील त्यांनी मास्क आणि हातमोजे घालावेत, पण ते आप्पांच्या रिपोर्टमुळे नाही, एरवीही.

आणि एप्रिल छाटणी. पहिली सायकल डिसेंबरअखेर संपेल. पुढच्या तीन-चार, प्रत्येकी चार-पाच आठवड्यांच्या धरल्या तर सगळं ठीक चालल्यास उपचार एप्रिलच्या आसपास संपतील, ताप किंवा आकडे रेंगाळले तर मे उजाडेल. तोवर शेणखताचा खड्डा, वाळलेली पानं गोळा करणं, बेदाण्याच्या शेडमधली धूळ आणि गंधकाची धुरी यांपासून त्यांना लांब ठेवा. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात घर करते आणि तिला काढणं कॅन्सर काढण्याइतकंच अवघड जातं. न्यूट्रोफिल हजाराच्या वर टिकून असतील तर सकाळच्या वेळी, मास्क लावून, बांधावर खुर्ची टाकून बसायला हरकत नाही. काडीवरचा कोणता डोळा ठेवायचा ते त्यांनी तिथून सांगावं, कात्री मात्र दुसऱ्याच्या हातात असू द्या. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली असताना बोट कापलं तर रक्त लवकर थांबत नाही.